ब्रिटिश टीव्हीवर आपले पिक्चर आणि डॉक्युमेंटऱ्या: लायसन्सचे पैसे वसूल होतात का?

आधीच सांगून टाकते, हा कुठल्या एका पिक्चरचा रिव्ह्यू नाही. सर्व्हिसचा आहे. इंग्लंडात राहून टीव्हीवर, म्हणजे नेटफ्लिक्स वगैरे बाजूला ठेवून साध्या अँटेनावाल्या टीव्हीवर, आपल्याकडचं काय काय बघायला मिळतं, कधी मिळतं, आणि ते बघून सोफ्यावर शेजारी बसलेला माणूस काय बोलतो, त्याचा. डोंबिवली सोडून रेडिंगला आले त्याला आता एकोणीस वर्षं होतील, तेवढ्यात जे पाहिलं-ऐकलं त्यावरून लिहितेय. दर सप्टेंबरला नवीन आलेल्या पोरापोरींचे मेसेज येतात, ताई टीव्हीचं लायसन्स घ्यायचं का, ताई देशी चॅनलांचं पॅकेज घ्यायचं का, म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू.

पैशाचं पटकन उरकते. लायसन्स २०२५च्या एप्रिलला वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं होतं. लाइव्ह टीव्ही कुठल्याही चॅनलचा बघा किंवा बीबीसीचं आयप्लेअर अॅप लावा, हे भरावंच लागतं. चॅनल फोर या इथल्याच दुसऱ्या चॅनलचं होऊन गेलेलं नंतर अॅपवर बघायचं असेल तर मात्र लायसन्स लागत नाही, फक्त जाहिराती सोसायच्या. (ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं वेगळं स्वस्त लायसन्स अजूनही मिळतं इकडे. मला आधी कोणीतरी थट्टा करतंय असं वाटलेलं.)

आता खरी तक्रार. इंडियावर साहेबाने बनवलेलं असेल तर रात्री नऊला आणि इंडियानेच बनवलेलं असेल तर रात्री दीडला. झालं, एवढंच म्हणणंय माझं, बाकी सगळा पाल्हाळ आहे, पण पाल्हाळच वाचायला आलात ना.

रात्री दीडचं आधी घेते. चॅनल फोर सुरू झालं २ नोव्हेंबर १९८२ला, आणि बाकीचे चॅनल ज्यांना विचारत नाहीत त्यांच्यासाठी काहीतरी करा हे त्यांना कायद्यातच लिहून दिलेलं. त्यातून आपली लॉटरी लागली. नसरीन मुन्नी कबीर नावाच्या बाईंनी त्यांच्यासाठी 'मूव्ही महल' ही हिंदी सिनेमावरची मोठी मालिका केली, गुरुदत्तवर तीन भागांची डॉक्युमेंटरी केली १९८९ला, लताबाईंना समोर बसवून त्यांच्याच तोंडून सगळं काढून घेतलं १९९१ला, आणि पुढे वर्षानुवर्षं चॅनलचा इंडियन पिक्चरांचा सीझन याच बाई निवडत आल्या. सबटायटल्ससुद्धा कितीतरी पिक्चरांची त्यांचीच. तिथे मल्टिकल्चरल प्रोग्रॅम्सचं खातं १९८४ ते १९९७ सांभाळलं फारुख धोंडींनी, म्हणजे पुण्याचा माणूस, पुण्यातच जन्मलेला पारशी. 'सलाम बॉम्बे'मध्ये चॅनल फोरचा पैसा आहे, 'बँडिट क्वीन'मध्ये आहे, हे आपल्याकडे किती जणांना माहितीये? मला इकडे येईपर्यंत नव्हतं. म्हणजे कसंय, निवड एक नंबर, त्याबद्दल बोलायला जागाच नाही. रडगाणं फक्त घड्याळाचं.

कारण बघता कसं ते ऐका. शनिवारची रात्र, नवरा घोरतोय, हीटिंग बारालाच बंद झालेलं, मी दोन दुलया आणि चहाचा थर्मास घेऊन सोफ्यावर. दीडचा पिक्चर एक पस्तीसला सुरू. मध्ये जाहिराती, त्या वेळेला कोण बघतंय त्यांना पक्कं माहीत असल्यासारख्या, एक गादीची, एक गुडघेदुखीची आणि एक गाढवांच्या आश्रमाला महिन्याला तीन पौंड द्या म्हणणारी. हिरॉइन विहिरीवर उभी राहून अर्धी ओळ गाते, कट, डोळ्यात पाणी असलेलं गाढव, कट, परत हिरॉइन. पाचला संपतं. रविवार सकाळ गेली. हे बघून रिअॅक्शन कोण देणार आणि कोणाला देणार? त्या वेळेला देशात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, मी आईला फोन लावते आणि तिलाच सांगते कुठला पिक्चर लागलेला ते, ती म्हणते त्यात काय, आमच्याकडे दुपारी लागतो तो, रोज.

एकदा ठरवलं की शेजारच्यांना दाखवायचाच. शेजारचे आजी-आजोबा, दोघंही इथलेच, सत्तरीच्या पुढचे, आजोबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर. रेकॉर्डिंग लावलं, रविवारी दुपारी बोलावलं, साबुदाण्याची खिचडी केली (आजींना आवडली, आजोबांनी दाणे बाजूला काढले). जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर होता. गाण्यांना कंटाळतील असं वाटलेलं मला, पण झालं भलतंच, गाण्यांनाच दोघं जास्त लक्ष देऊन बसले कारण सबटायटल्समध्ये गाण्यांचे अर्थ इतके नीट दिलेले की आजींनी एका ओळीला मला पॉज करायला लावलं आणि ती पर्समधल्या पावतीच्या मागे लिहून घेतली. अडल्या कुठे, तर ती बायको नवऱ्याला सारखं "सुनिये" म्हणते तिथे. खाली इंग्लिशमध्ये "ऐका" असं काहीतरी यायचं. आजी म्हणाल्या, ही बाई एवढ्यांदा ऐका ऐका म्हणते आणि पुढे तर काहीच सांगत नाही, त्याला बहिरेपणा आहे का? आता हे कसं समजवायचं. मी म्हटलं आमच्याकडे आईची पिढी अजून "अहो" म्हणते, अहो हेच नाव. आजी नवऱ्याकडे वळून म्हणाल्या "अहो". आजोबा खिचडीतनं दाणे काढतच होते.

आणि मग शेवटची पंधरा मिनिटं गायब! आधीचा कार्यक्रम लांबला असणार, पिक्चर उशिरा सुरू झाला आणि आमचा रेकॉर्डिंगचा डबा ठरल्या वेळेला बंद. (कंपनीचं नाव लिहीत नाही, हेल्पलाइनवाल्याने तीन वेळा मला डबा बंद करून चालू करायला सांगितलं एवढंच लिहिते.) दोघं माझ्याकडे बघतायत. शेवट मी उभी राहून तोंडी सांगितला, हातवाऱ्यांसकट, एक कडवं गाऊनसुद्धा दाखवलं. टाळ्या वाजवल्या दोघांनी. पिक्चरला की मला, माहीत नाही. तर टीप: रेकॉर्डिंगला पुढे-मागे अर्धा तास जास्तीचा द्या, किंवा दोन दिवस थांबून अॅपवर बघा, पण अॅपवरूनही काही दिवसांनी काढून टाकतात तेव्हा जास्त थांबू पण नका.

आता नऊचं. तिथे रिअॅक्शनच रिअॅक्शन. आणि हे आजचं नाहीये. महाराष्ट्र मंडळात, म्हणजे लंडनचं १९३२चं जुनं मंडळ, डॉलिस हिलला वास्तू आहे, तिथे एक काका भेटायचे, साठच्या दशकात आलेले. ते सांगायचे तेव्हा टीव्हीवर आपल्यासाठी म्हणजे रविवारी सकाळी बीबीसीचं 'नई जिंदगी नया जीवन', १९६८ला सुरू झालेलं, त्यात थोडं गाणं, थोड्या मुलाखती, थोडं इकडे कसं राहायचं ते शिकवणं. बघण्यासाठी सगळे एका घरात जमायचे कारण टीव्ही एकाकडेच. आणि मग १९७०ला बीबीसीने लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाची भारतावरची सात भागांची डॉक्युमेंटरी लावली. आपले लोक खवळले. गरिबी, गरिबी, आणि परत गरिबी. पत्रं गेली, हायकमिशनकडे तक्रारी गेल्या, भारत सरकारने थांबवा म्हटलं, बीबीसी नाही म्हणाली, आणि सरकारने दिल्लीतलं बीबीसीचं ऑफिसच बंद करून टाकलं, एक-दोन वर्षांनी परत उघडलं. काका म्हणायचे, मी पण सही केलेली पत्रावर. मी विचारलं, तुम्ही बघितलेली का हो पूर्ण? तर म्हणाले, एक भाग. तो पण अर्धा, दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं.

पुढे चॅनल फोरने 'राइट टू रिप्लाय' नावाचा कार्यक्रम चालवला १९८२ ते २००१, त्यात एक छोटी खोलीच असायची, व्हिडिओ बॉक्स, प्रेक्षकाने आत जाऊन कॅमेऱ्यासमोर आपली तक्रार बोलायची आणि ती टीव्हीवर दाखवायचे. काका तिथेही जाणार होते. भाषण लिहून तयार होतं. कशाबद्दल, ते त्यांना नंतर आठवेना.

हसू नका, मी पण तीच. जानेवारी २०१०ला चॅनल फोरवर केव्हिन मॅकक्लाउड धारावीत जाऊन राहिला, हा घरं बांधण्याच्या कार्यक्रमाचा माणूस, त्याला तिथल्या गल्ल्या, कामधंदे, शेजारपाजार यातलं काहीतरी खरोखर आवडलं होतं, पण उघड्या गटारापाशी कॅमेरा थांबला आणि माझं डोकं सटकलं. का? मी काय धारावीची नाही. शीवहून लोकलने जाताना खिडकीतून बघितलेली धारावी, तेवढीच ओळख माझी. म्हणजे मुंबईत असताना ज्याच्याकडे मान वळवून नीट बघितलं नाही ते इकडच्या टीव्हीवर दिसलं की आपली बदनामी. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, तिथली मुलं किती नीटनेटका युनिफॉर्म घालून बाहेर पडतात, आमच्या शाळेतली बघ. त्यांना तो युनिफॉर्म दिसला आणि मला गटार. त्यानंतर ही गरिबीची तक्रार मी जरा जपूनच करते.

पण सगळ्यालाच हे लागू नाही हां. 'इंडियाज डॉटर' बीबीसी फोरवर ४ मार्च २०१५ला लागली, दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या प्रकरणावरची, आधी महिलादिनाला लावणार होते, भारतात बंदी येतेय दिसल्यावर इकडे अलीकडे ओढली. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किचनमध्ये मी चहात दूध घालतेय आणि एक-एक करून तीन बायका येऊन माझ्या दंडाला हात लावून गेल्या. "ठीक आहेस ना?" मी ठीकच होते की. एकीने तर विचारलं, तू तिकडे कशी राहिलीस गं. काय सांगणार, डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात राहिले? डॉक्युमेंटरी चुकीची होती असं नाही म्हणत, तुरुंगातल्या त्या दोषीचं बोलणं ऐकून मलाही झोप लागली नव्हती. पण सत्तर जणांच्या ऑफिसात सगळ्या देशाचं उत्तर द्यायला मी एकटी, आणि हातात दुधाची बाटली. बंदी घालणाऱ्यांचा राग, दाखवणाऱ्यांचा राग, दंडाला हात लावणाऱ्यांचाही थोडा. या रिअॅक्शनला पाचपैकी किती स्टार द्यायचे मला कळत नाही.

तर नऊच्या स्लॉटमध्ये जे खरं सोनं आहे त्याकडे येते. 'बॉम्बे रेल्वे', बीबीसी फोर, २००७, दोन भाग. मी नवीनच आलेले, नोकरी नाही, थंडी, अंधार, कोणी ओळखीचं नाही. टीव्ही लावला आणि त्यातून लोकलचा भोंगा ऐकू आला. अहो रडले मी, खरंच, उभ्या-उभ्या. रेल्वेत काम करणारे आणि रेल्वेच्या जिवावर पोट भरणारे, अशा माणसांसोबत कॅमेरा नुसता हिंडतो. प्रेझेंटर नाही, "ओह माय गॉड" करत मध्ये मध्ये येणारा गोरा चेहरा नाही. माणसं कामाला जातात, काम करतात, घरी येतात.

शेजाऱ्यांशी ओळख यातूनच झाली आमची. दुसऱ्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना आजोबांनी विचारलं, तू त्या रेल्वेच्या गावची का? त्यांनी पण बघितलेली. आता मला वाटलं आला गर्दीचा विषय, दारात लटकणारी माणसं, टपावर बसलेले, अरेरे. तर आजोबांचा पहिला प्रश्न: पीक अवरला एका लाइनवर दोन गाड्यांत अंतर किती? मी म्हटलं तीन-चार मिनिटं. ते डबा ठेवून सरळ उभे राहिले. तीन? या सिग्नलवर? आणि बघाल तर गाडी निघतेय तोवर लोक चढतच असतात, मग स्टॉप किती सेकंदांचा? मी म्हटलं वीस-तीस सेकंद, छोट्या स्टेशनला अजून कमी. म्हणाले, आमच्याकडे एक माणूस दारात अडकला तर लंडनच्या पॅडिंग्टनपर्यंत बोंब. आणि मग तिथेच, पावसात, मी त्यांना स्लो-फास्ट समजावलं, फोर्थ सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकणारा चौथा, ते कचऱ्याच्या डब्यांच्या झाकणावर बोटाने काढून दाखवलं, उलटं बसून जाणं म्हणजे काय, म्हणजे डोंबिवलीला जागा मिळत नाही म्हणून आधी उलट्या दिशेने कल्याणला जाऊन तीच गाडी पकडायची. शेवटचं त्यांना फार आवडलं. "पण हे बेकायदा नाही का?" कल्याणपर्यंतचा पास असेल तर नाही म्हटलं.

अशी रिअॅक्शन पाहिजे बघा. कीव नाही, कौतुकही नाही फारसं, एका कारागिराने दुसऱ्याचं काम बघितल्यासारखं. रेल्वेत सुपर डेन्स क्रश लोड हा अधिकृत शब्द आहे, एका चौरस मीटरला चौदा-सोळा माणसं उभी, हे सांगितल्यावर आजोबा आत जाऊन टेप घेऊन आले आणि अंगणात एक मीटरचा चौकोन आखला. त्यात आम्ही दोघं आणि कचऱ्याचा डबा उभे राहिलो. भरला.

२०१५ला बीबीसी टूने 'वर्ल्ड्स बिझिएस्ट रेल्वे' केलं, आपल्या सीएसटीवरच, डॅन स्नो, अनिता राणी, सगळा लवाजमा. चांगलं होतं, माहिती भरपूर, पण प्रेझेंटर एवढे चकित होत होते सतत की आजोबांनी आवाज बंद करून बघितलं. अनिता राणीचंच २०१७चं फाळणीवरचं मात्र वेगळं, आपल्या आजोळची गोष्ट घेऊन ती पाकिस्तानपर्यंत जाते. ते संपल्यावर आजी बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या आम्हाला शाळेत यातलं काही शिकवलं नाही. माझा मुलगा इथल्याच शाळेत शिकतो, तो म्हणाला आम्हालापण नाही.

आणि 'अ सुटेबल बॉय', बीबीसी वन, जुलै २०२०, ऐन कोरोनाच्या काळात रविवारी नऊला. मीरा नायर, तब्बू, सहा भाग. माझ्या घरात त्यावर जे झालं ते भारी होतं. सासूबाई अडकलेल्या इकडे, विमानं बंद, त्या दर रविवारी बघायला बसायच्या आणि दहाव्या मिनिटाला विचारायच्या, हे लोक स्वैपाकघरात पण इंग्लिश का बोलतात गं? इकडच्या पेपरांतही हाच वाद, इंग्लिश बोलायचं तर असं का बोलतात. आणि नोव्हेंबरात तेच नेटफ्लिक्सवरून भारतात चर्चेला आलं तेव्हा इंग्लिश राहिलं बाजूला, राडा कशावर, तर महेश्वरला देवळाच्या पार्श्वभूमीवर चुंबन दाखवलं म्हणून मध्य प्रदेशात एफआयआर. सासूबाईंना विचारलं, तुम्हाला खटकलं का ते? त्या म्हणाल्या, मला तो अहिल्याबाईंचा घाट दिसला, मी घाट बघत होते.

मराठीचं काय विचाराल तर हाताची बोटं जास्त होतील. हिंदीच्या राशीत क्वचित एखादा मराठी पिक्चर घुसलेला बघितलाय, तो पण दीडचाच. त्याबाबतीत माझे पाचपैकी दोन स्टार, निवडीला साडेचार, वेळेला शून्य, शून्य देता येत नसेल तर अर्धा. देशी पॅकेजचं म्हणाल तर मालिका सोडवत नसतील तर घ्या, पण चांगले जुने पिक्चर नीट सबटायटलसकट हवेत आणि शेजाऱ्यांना घेऊन बघायचेत तर लायसन्स आणि फुकटचं अॅप पुरतं. पावसाळी रविवार हाताशी ठेवा, रेकॉर्डिंगला मार्जिन द्या, खिचडीत दाणे कूट करून घाला.

आजोबा गेल्या वर्षी गेले. आजी अजून दर शुक्रवारी पेपरातलं टीव्हीचं पान फाडून आमच्या दारातून आत सरकवतात, रात्रीच्या एक-दीडच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली असते. या आठवड्याच्या पानावर रेघेशेजारी एवढंच लिहिलंय, "हा शेवटपर्यंत रेकॉर्ड कर."